आम्लाचे तापमान वाढल्यास गंजरोधकाचे काय होते?

पोलाद तापवून लाटताना त्यावर ऑक्साइडचा काळपट थर चढतो. तो काढण्यासाठी पोलाद सौम्य हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक आम्लात बुडवतात. या प्रक्रियेस ‘पिकलिंग’ म्हणतात. थर निघून गेल्यावर आम्ल खालच्या धातूवरही हल्ला करते. हे क्षरण रोखण्यासाठी आम्लात अल्प प्रमाणात गंजरोधक रसायन मिसळले जाते. हेक्झामाइन, थायोयुरिया यांसारख्या नायट्रोजन किंवा गंधकयुक्त सेंद्रिय संयुगांचा त्यासाठी उपयोग होतो. त्यांचे रेणू पोलादाच्या पृष्ठभागाला चिकटतात व आम्लाला अटकाव करतात.

थर लवकर निघावा म्हणून सल्फ्युरिक आम्ल साधारणपणे ६० ते ८० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. येथेच अडचण उद्भवते. उष्णतेमुळे क्षरणाचा वेग वाढतोच, शिवाय केवळ विद्युतभारांच्या आकर्षणाने चिकटलेले रेणू सुटू लागतात. समजा, दर १० अंशांना क्षरण दुप्पट होते आणि ३० अंशांना गंजरोधक ९० टक्के क्षरण रोखतो. ६० अंशांना मूळ क्षरण आठपट होईल. रोधकाची क्षमता ९० टक्केच राहिली तरी धातूची झीज आठपट होईल; क्षमता ६० टक्क्यांवर घसरली, तर झीज बत्तीसपट होईल!

काही रेणू मात्र लोहाशी रासायनिक बंध जोडतात. हे बंध बळकट असल्याने अशा रोधकांची क्षमता विशिष्ट मर्यादेपर्यंत तापमानाबरोबर वाढूही शकते. त्यापुढे रेणूच्या विघटनाचा धोका असतो. उष्ण आम्लात हेक्झामाइनपासून फॉर्माल्डिहाइड व अमोनियम क्षार तयार होतात. थायोयुरियापासून हायड्रोजन सल्फाइड निर्माण झाल्यास पोलादात हायड्रोजन शिरणे सुलभ होते व ते ठिसूळ बनते.

तेलविहिरींत ही कसोटी अधिक कठीण असते. चुनखडीच्या खडकातील तेलाचे मार्ग मोकळे करण्यासाठी विहिरीत हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतात. १९३२ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात या आम्लात आर्सेनिकयुक्त रोधक मिसळून पोलादी नळ्या वाचवण्यात आल्या. विषारी आर्सेनिकची जागा पुढे सेंद्रिय रोधकांनी घेतली. खोल विहिरींत तापमान १०० अंशांहून अधिक असल्याने प्रोपार्जिल अल्कोहोलसारख्या रोधकांना पोटॅशियम आयोडाइड किंवा फॉर्मिक आम्लाची जोड देतात. म्हणूनच गंजरोधकाची चाचणी खोलीच्या तापमानाला घेऊन भागत नाही. प्रत्यक्ष वापराच्या तापमानालाच ती घ्यावी लागते.