साडेतीन वाव पाणी

खापरपणजोबांचं नाव तुम्हाला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सापडलं. इंडिया ऑफिसच्या बाप्तिस्मा-नोंदींतली एक ओळ : मुलाचं नाव, आईबापांची नावं, बापाचा व्यवसाय पायलट, बंगाल पायलट सर्व्हिस. पायलट म्हणजे नदीतून जहाजांना वाट दाखवणारा. बस, एवढंच. त्या ओळीवर बोट ठेवा आणि डोळे मिटा.

1885 चा जुलै. तुम्ही हुगळीच्या मुखाबाहेर, सँडहेड्सला नांगरलेल्या पायलट ब्रिगवर उभे आहात. किनारा कुठेच दिसत नाही. मातकट पाणी फुगून येतंय आणि ब्रिग नांगरावर सारखी हिसके खातेय. क्षितिजावर आगबोटीचा धूर दिसताच खलाशी होडी सोडतात. होडीत तुमचे खापरपणजोबा बसलेत. मिशी नुकती भरली आहे. वयाने ते तुमच्याहून लहान आहेत. सोबत पाण्याची खोली मोजायला दोरीचं शिसं टाकणारा उमेदवार पोरगा. होडी लाटेवर चढते, दोरीची शिडी हाताशी येते आणि ते नेमक्या त्या क्षणी झेप घेतात. एक पळ उशीर झाला असता, तर तुमचं घराणं तिथेच संपलं असतं.

कलकत्ता अजून दोनशे किलोमीटरहून लांब आहे. जहाज कप्तानाचं, पण या वाटेवर हुकूम पायलटचा. त्यांच्या हातात नकाशा दिसत नाही म्हणून नवल करू नका. या नदीचा तळ स्थिर नाही. पावसाळ्याचा लोंढा वाळू आणतो, भरती ती सरकवते आणि गेल्या महिन्यातली वाट या महिन्यात बुजलेली असते. म्हणून ते पाण्याचा रंग बघतात, भोवरे बघतात, काठावरच्या खुणांची जुळणी बघतात. आणि कान लावून ऐकतात.

"चार वाव!" पोरगा ओरडतो. दोरी ओढून शिशाच्या बुडाला लावलेली चरबी तो बोटांनी चाचपतो : वाळू चिकटली आहे की चिखल?

दुसऱ्या दिवशी भरतीच्या पाण्यावर जहाज हुगळी पॉइंटजवळ येतं आणि डेकवरची बडबड थांबते. इथे रूपनारायण आणि दामोदर थोड्या अंतराने हुगळीला मिळतात आणि त्यांच्या मुखांमध्ये 'जेम्स अँड मेरी'ची वाळू पसरलेली आहे. 1694 साली इथे बुडालेल्या 'रॉयल जेम्स अँड मेरी'चं हे नाव. जहाज रुतलं की प्रवाह त्याला आडवं धरतो, कलंडवतो आणि वाळू त्याला गिळते. काही जहाजं मिनिटांत गेली आहेत.

"साडेतीन!"

वाव म्हणजे सहा फूट. एकवीस फूट पाणी, आणि जहाज एकोणीस फूट बुडालेलं. तळाखाली फक्त दोन फूट. नांगर सोडायला माणूस तयार उभा आहे. खापरपणजोबा सुकाण्याकडे न बघता, हलक्या आवाजात दोन शब्द बोलतात. जहाज वळतं. त्यांच्या मानेवरून घाम ओघळताना तुम्हाला दिसतो; कप्तानाला तो दिसत नाही.

"चार!... साडेचार!"

संध्याकाळी गार्डन रीचला नांगर पडतो. ते कंदिलाखाली वही उघडतात. तारीख, वेळ, खोली, तळाची वाळू. पुढच्या उधाणानंतर यातले कित्येक आकडे खोटे ठरणार, हे त्यांना माहीत आहे. तरी ते प्रत्येक आकडा नीट, सावकाश लिहितात. तुम्हाला खांद्यावर हात ठेवावासा वाटतो.

लायब्ररीतला दिवा तुमच्या समोर जळतोय. नोंदवहीत तीच एक ओळ. बंगाल पायलट सर्व्हिस 1948 मध्ये संपली आणि त्या कामाची जबाबदारी कलकत्ता बंदराकडे गेली. माणसाची बढती, पगार, मृत्यू दप्तरात सापडतो; त्या साडेतीन वावांची नोंद तिथे मिळणं कठीण, ती अशाच घरगुती वह्यांत उरते.

म्हणून एक विनंती. माळ्यावरच्या ट्रंकेत तारखा आणि खोलीचे आकडे भरलेली जुनी वही निघाली, तर ती रद्दीत घालू नका. आधी एखाद्या अभिलेखागारात नेऊन दाखवा.