काळ्या दगडाआधीचा समुद्र

धडगावच्या घाटात उभे राहून समुद्राची आठवण काढणे वाचकांस हास्यास्पद वाटेल. चोहीकडे सातपुड्याचा काळा पाषाण, आणि तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा! परंतु नर्मदा ओलांडून ईशान्येस धार जिल्ह्यातील बाग गावाकडे जावे. तेथे या पाषाणाहून जुना, शंखशिंपल्यांनी भरलेला चुनखडक दृष्टीस पडतो. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा एक फाटा या खोऱ्यात शिरला होता, त्याची ही खूण होय.

त्याच युगात, ९ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी, जगातील अनेक समुद्रांच्या खोल पाण्यातील प्राणवायू सरला. हे कळले कसे? स्थिर कार्बन दोन वजनांचा, बारा व तेरा. सागरी वनस्पती हलका कार्बन अधिक उचलतात. त्या न कुजता चिखलात गाडल्या गेल्या, म्हणजे पाण्यात जड कार्बनाचे प्रमाण वाढते व तेच कवचांच्या चुन्यात उतरते. ही वाढ हजारी दोन-तीनच. पण इटलीतील गुब्बियोच्या डोंगरांपासून इंग्लंडच्या खडूच्या कड्यांपर्यंत ती आढळते. एका पेढीची वही चुकेल. दूरदूरच्या वह्या एकच आकडा दाखवू लागल्या, की तो मानावाच लागतो.

पुढे धडगावचा लाव्हा वाहत होता त्या काळी उलट घडले. जीवसृष्टी कोलमडली आणि वरच्या पाण्यातील कवचांचा कार्बन एकाएकी हलका झाला. या अनर्थात आमच्या दगडाचा वाटा किती व मेक्सिकोत चिक्षुलुब येथे कोसळलेल्या अशनीचा किती, हा वाद जुना आहे. आमच्या मते अशनीचे पारडे जड. तथापि धडगावचा दगड अगदीच निर्दोष सुटेल, असे वाटत नाही.