टांगते दिवे : खोलीनुसार निवड

झुंबर, हंडी आणि एकेरी टांगता दिवा हे छतास टांगावयाच्या दिव्यांचे प्रमुख प्रकार होत. निवडताना शोभेआधी उंची व वजन पाहावे. वावराच्या जागी दिव्याचे खालचे टोक जमिनीपासून किमान ७ फुटांवर हवे. म्हणून मोठे झुंबर उंच छताच्या जुन्या गोमंतकीय दिवाणखान्यात शोभते, सदनिकेत अडचणीचे ठरते. जेवणाच्या टेबलापासून अडीच ते तीन फूट उंचीवर एकेरी दिवा पुरतो. शयनगृहात पलंगावरून बल्ब डोळ्यांवर येऊ नये यासाठी दुधी काचेची हंडी सोयीची.

झुंबराचा भार फॉल्स सीलिंगवर न टाकता मूळ स्लॅबमधील वा तुळईतील कडीवर द्यावा. किनारी भागात खाऱ्या हवेने लोखंडी साखळी गंजून तुटू शकते. तेथे पितळी साखळी निवडावी.