पंखावरचा बर्फ

ढगातले पाणी शून्याखाली गेले तरी गोठतेच असे नाही. विमानाचा पंख लागला, की मात्र बर्फ होऊन चिकटते आणि पंखाची उचलण्याची ताकद घटते. म्हणून बऱ्याच जेट विमानांत इंजिनातली गरम हवा पंखाच्या पुढच्या कडेत खेळवतात. एटीआर-७२ सारख्या पंख्याच्या विमानात इंजिनाचीच हवा रबरी पट्टे फुगवून बर्फ फोडते. हा हवेचा पुरवठा बिघडला, तर असल्या ढगांतून निघून जाणेच बरे. पण पुरवठा ठीक असला तरी?

३१ ऑक्टोबर १९९४. इंडियानापोलिसहून शिकागोला निघालेले एटीआर-७२ उतरण्याची वाट पाहत अर्ध्या तासाहून अधिक काळ घिरट्या घालत होते. पट्टे फुगत होते, पण मोठे थेंब पट्ट्यांच्या मागे जाऊन गोठले, जिथे पट्टे पोहोचतच नव्हते! फ्लॅप आत घेतल्यावर एलेरॉन अचानक फिरले आणि विमान रोझलॉनजवळच्या शेतात कोसळले. त्यातले सर्व ६८ जण गेले.

पट्टे लवकरच रुंद केले गेले. अमेरिकेच्या विमान-प्रमाणन नियमांत त्या मोठ्या थेंबांना जागा मिळायला मात्र २०१४ साल उजाडले.