आव्हान-प्रतिसाद प्रमाणीकरण

संगणकजालावर पासवर्ड प्रत्यक्ष न पाठवता तो ठाऊक असल्याचे सिद्ध करून ओळख पटवण्याची पद्धत. नीडहॅम व श्रोडर यांच्या १९७८ च्या संदेशरचनेत हे तत्त्व आढळते. डायल-अप जोडणीसाठीची ‘चॅप’ संहिता १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली, १९९६ मध्ये सुधारली गेली.

बडोद्यातील वापरकर्त्याने मुंबईच्या सर्व्हरकडे प्रवेश मागितला, की सर्व्हर दर वेळी नवी यादृच्छिक संख्या (आव्हान) धाडतो. वापरकर्त्याचा संगणक ती पासवर्डशी जोडून हॅश काढतो (पहा : हॅश फलन) व तो उत्तर म्हणून परत पाठवतो. सर्व्हरही तेच गणित करतो. उत्तरे जुळली तरच प्रवेश. वाटेत टिपलेले उत्तर पुढच्या खेपेला निरुपयोगी ठरते. ‘चॅप’ जोडणी चालू असतानाही मधूनच पुन्हा विचारणा करू शकते. मात्र सर्व्हरला मूळ गुपित जवळ बाळगावे लागते, ही तिची गंभीर उणीव. २०१० च्या ‘स्क्रॅम’ संहितेने ती दूर केली.

भारतात १९९५ पासून चालू असलेल्या जीएसएम मोबाइल सेवेतही याच पद्धतीने सिमकार्ड १२८ बिटांच्या आव्हानाला ३२ बिटांचे उत्तर देते (पहा : सिमकार्ड).