एका शब्दाचें वजन

एखाद्या शब्दानें कांहीं माणसें वगळलीं जातात असें दाखवून दिलें कीं, तो शब्द वापरणारे गृहस्थ बहुधा रागावतात. 'आमच्या मनांत तसें नव्हतें,' हें त्यांचें पहिलें उत्तर. 'एका शब्दाचा एवढा बाऊ कशास?' हें दुसरें. ह्या दोन्ही उत्तरांची परीक्षा इतिहासानें पूर्वींच घेतलेली आहे.

इ. स. १८६७ मध्यें ब्रिटिश पार्लमेंटपुढें मताधिकार वाढविण्याचें बिल होतें. त्यांतील 'मॅन' हा शब्द काढून 'पर्सन', म्हणजे व्यक्ति, हा शब्द घालावा, अशी उपसूचना जॉन स्टुअर्ट मिल ह्यांनीं २० मे रोजीं मांडली. कारण इंग्रजींत 'मॅन' म्हणजे मनुष्यही आणि पुरुषही. सुमारें १,५०० स्त्रियांच्या सह्यांचा अर्ज त्यांनीं आदल्याच वर्षीं सभागृहास सादर केला होता. तरीही स्त्रियांना हा अधिकार नकोच आहे, असा युक्तिवाद झाला. उपसूचनेस ७३ मतें अनुकूल व १९६ प्रतिकूल पडलीं.

आतां पुढील प्रकार पाहा. कायद्यांतील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश समजावा, असा नियम पार्लमेंटानेंच १८५० मध्यें केला होता. त्याच्या आधारें मँचेस्टर येथील ५,३४६ स्त्रियांनीं मतदारयादींत आपलें नांव मागितलें. १८६८ मध्यें न्यायालयानें जुन्या वहिवाटीकडे बोट दाखवून ती मागणी फेटाळली. कर देतांना व शिक्षा भोगतांना पुल्लिंगी शब्दांत येणारी स्त्री मत देतांना मात्र त्याच शब्दाबाहेर राहिली!

मग राग कां येतो? आम्हांस वाटतें, आक्षेप शब्दावर असतो, पण ऐकणारास तो आपल्या शीलावरील आरोप वाटतो. शिवाय शब्द अपुरा आहे असें मान्य केलें, तर त्याच्या आडोशानें न मागतां मिळालेला मानही मान्य करावा लागतो, आणि तें अधिक जड जातें. १८६७ च्या त्या सभासदांतही आपल्या आईबहिणींविषयीं मनापासून आदर बाळगणारे पुष्कळ असतील. तो आदर खोटा होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु मतदारयादी करणाऱ्या अधिकाऱ्यास त्यांचा आदर दिसत नव्हता. कायद्यांतील शब्द तेवढा दिसत होता.

पुरुषांच्या बरोबरीचें मत ब्रिटनमधील स्त्रियांस मिळालें तें १९२८ मध्यें, म्हणजे ६१ वर्षांनीं. तेव्हां असा आक्षेप कोणी घेतला असतां आपल्या हेतूची साक्ष काढण्यापूर्वीं, त्या शब्दामुळें कोणाचें काय अडलें, एवढें सुज्ञांनीं आधीं विचारावें.