श्रीलंकेत बंदूक नंतर आली

श्रीलंकेचा विषय निघाला की आपल्यातले काही गप्प होतात, कारण तिथले राज्यकर्ते बौद्ध. आम्ही गप्प बसणार नाही. १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा झाली. सत्याग्रह करणाऱ्या तामिळांवर जमाव चालून गेला. १९५७ चा बंडारनायके-चेल्वनायकम करार भिक्खूंच्या धरण्यापुढे वर्षभरात मोडला. (१९५९ मध्ये बंडारनायकेंना गोळ्या घालणाराही भिक्खूच!) मग विद्यापीठ प्रवेशासाठी तामिळ मुलांना सिंहलींपेक्षा जास्त गुणांची अट लावली. 'लिट्टे' स्थापन झाली १९७६ मध्ये, वीस वर्षांनी. तिने पोरांच्या हाती बंदुका दिल्या, त्याचे समर्थन नाहीच. पण संविधानिक मार्ग खुले असताना असंविधानिक मार्ग नको, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी सांगितले होते. कोलंबोच्या सत्तेने तामिळांसाठी ते मार्ग एकेक करून बंद केले.